‘हॉटेलात जाणं’ हा विषय झाला, प्रश्न कुठे आहे?

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने त्याच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवला. शीर्षक : ‘नागपूर शहरातील हॉटेलिंगच्या सवयींचा समाजशास्त्रीय अभ्यास’. खाली उद्दिष्टं पाच, गृहीतकं चार, नमुना तीनशे, साधन प्रश्नावली. सगळं जागच्या जागी. सोबत मेसेज : ‘दादा, एकदा नजर टाका ना.’ नजर टाकली आणि मला माझाच जुना मसुदा दिसला. माझं शीर्षकही जवळपास हेच होतं. आज माझ्या प्रबंधात त्या मसुद्यातलं एकही वाक्य उरलेलं नाही.

पेट पास झाला आहात, मार्गदर्शकही मिळाले आहेत आणि आता ‘विषय’ शोधताय, अशांसाठी ही पोस्ट आहे. बाहेर खाणं हा माझा विषय म्हणून उदाहरणं त्यातली. तुमचा विषय बचत गट असो की कोचिंग क्लास, अडचणी फारशा वेगळ्या नसतात.

आधी शब्दापासून सुरुवात करू, कारण मी पहिला मार तिथेच खाल्ला.

मी खाप्याचा. सावनेर तालुका, कन्हान नदीचा काठ, एकेकाळी हातमागाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं गाव. जवळच गुमगावची मँगनीजची खाण. आमच्या गावात ‘हॉटेल’ म्हणजे चहा आणि आलूबोंडा मिळतो ते दुकान. समोर भट्टी, काचेच्या कपाटात शेव आणि पेढे, आत लाकडी बाकं. मुक्काम करायची जागा म्हणजे ‘लॉज’. जेवण मिळतं ते ‘भोजनालय’, महिन्याचे पैसे भरून जेवता ती ‘मेस’, हायवेवर असला तर ‘ढाबा’. आणि ‘रेस्टॉरंट’ म्हणजे जिथे मेनूकार्ड येतं आणि बडीशेपेसोबत बिल येतं. नागपूरला गेलं की यात ‘कॅफे’ची भर पडते, तिथे कॉफीच्या पैशात चार तास बसायला मिळतं.

आता माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न वाचा : ‘आपण महिन्यातून किती वेळा हॉटेलात जाता?’ चाचणी म्हणून मी तो गावातच विचारून पाहिला. एक काका म्हणाले, ‘दिवसातून तीनदा.’ त्यांच्या शेजारी बसलेले म्हणाले, ‘वर्षातून एकदा, पोराच्या वाढदिवसाले.’ दोघंही खरं बोलत होते. पहिले चहाबद्दल बोलत होते, दुसरे नागपूरच्या एसी रेस्टॉरंटबद्दल. मी दोघांची उत्तरं एक्सेलमध्ये टाकून सरासरी काढली असती तर एक आकडा आला असता, दशांश चिन्हासकट. पण तो आकडा कशाचाच नसता.

पद्धतीच्या पुस्तकात याला ‘कार्यात्मक व्याख्या’ म्हणतात. आपण ती परीक्षेपुरती पाठ करतो आणि सिनॉप्सिसमध्ये ‘प्रस्तुत अभ्यासात हॉटेल म्हणजे...’ असं एक शब्दकोशी वाक्य लिहून मोकळे होतो. माझं म्हणणं उलट आहे. लोक कोणत्या जागेला काय म्हणतात याची यादी आधी करा, व्याख्या मागाहून. ती यादी हाच कधी कधी तुमचा पहिला निष्कर्ष असतो.

मुंबईच्या गिरणगावातली खानावळ घ्या. गिरणीत पाळीवर जाणारे, गावाकडे कुटुंब ठेवून आलेले कामगार एखाद्या बाईकडे महिन्याचे पैसे देऊन जेवायचे. जेवण त्या बाईच्या घरात, तिच्याच चुलीवर, बहुतेकदा तिच्याच मुलखाच्या चवीचं. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आता सांगा, त्या कामगाराचं जेवण ‘बाहेरचं’ की ‘घरचं’? घर त्याचं नाही, पण घर आहे. पैसे दिलेत, पण मेनूकार्ड नाही. ‘बाहेर’ म्हणजे नक्की कशाच्या बाहेर? घराच्या, घरच्या बाईच्या हाताच्या, की जातीच्या?

हा तिसरा पर्याय मी पहिल्या मसुद्यात लिहिलाच नव्हता. लिहायची भीती वाटली, असं म्हणा हवं तर.

वाचन कशासाठी

फ्रँक कॉनलन यांचा मुंबईतल्या बाहेर खाण्यावरचा लेख १९९५ च्या ‘कन्झ्युमिंग मॉडर्निटी’ या संपादित ग्रंथात आहे. या विषयात काम करायचं तर तो चुकवू नका. गरजेपोटी बाहेर खाणं आणि हौसेने बाहेर खाणं या दोन गोष्टी तो वेगळ्या करतो. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं याचे नियम जिथे कडक, तिथे अनोळखी माणसाने शिजवलेलं अनोळखी माणसाशेजारी बसून खाणं ही साधी गोष्ट नव्हती, हे ध्यानात घेतलं की मुंबईचा इतिहास वेगळा दिसायला लागतो. १९०४ चं कयानी असो की १९२३ चं ब्रिटानिया, इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी कोण बसलंय हे विचारलं जात नव्हतं. तिकडे माटुंग्यात १९४२ साली सुरू झालेलं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग शाकाहारी, केळीच्या पानावर वाढणारं, वेगळाच भरवसा देणारं. दोन्ही ‘हॉटेलं’च. पण माणूस दोन ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी निर्धास्त होतो.

आपल्याकडची गोष्ट आणखी थेट आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? तर छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि सोबतच्यांनाही पाजायचे. चहाचा कप हे राजकारण होतं. म्हणूनच तर संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथला प्रवेश नाकारता येणार नाही. राज्यघटना लिहिणाऱ्यांना हॉटेलाचा मुद्दा किरकोळ वाटला नाही आणि आपण त्यावर ‘ग्राहक समाधान’ मोजायला निघतो.

वाचन म्हणजे ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ नावाच्या प्रकरणात पन्नास नावं ओळीने लावणं नाही, एवढंच मला सांगायचंय. कॉनलन वाचून माझा प्रश्न बदलला : ‘लोक किती वेळा बाहेर खातात’ वरून तो ‘कोण कुठे बसून खाऊ शकतं’ वर आला. एखादं वाचन तुमचा प्रश्न जागचा हलवत नसेल तर ते संदर्भसूचीत गेलं काय आणि न गेलं काय, सारखंच.

सावजीची गोष्ट आणि ती तपासायची कशी

नागपूरचं बाहेर खाणं म्हणजे तर्री पोहे आणि सावजी. सावजी भोजनालयं हलबा कोष्टी विणकर समाजातून आली. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी या भागांत फिरलात तर पाट्या दिसतीलच. जवसाचं तेल, काळा मसाला, मटण, खूर, सुंदरी, कलेजी. शाकाहारी माणसाला पाटोडी रस्सा आणि डाळकांदा.

या भोजनालयांबद्दल नागपुरात एक गोष्ट कुणीही सांगेल : ‘मागाचा धंदा बसला, मंग कोष्ट्यांनी भोजनालयं टाकली.’ मी ती सिनॉप्सिसमध्ये सरळ वस्तुस्थिती म्हणून लिहिली होती. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला : ‘कशावरून?’

त्या एका शब्दावर माझे चार महिने गेले. तुम्हीही कागद घ्या आणि करून बघा. गोष्ट खरी असेल तर काय काय सापडायला हवं? बहुतेक भोजनालयं मागाच्या पडझडीनंतर सुरू झालेली असायला हवीत. मालकाच्या आधीच्या पिढीच्या हातात माग असायला हवा आणि तो बंद पडल्याचं वर्ष भोजनालय निघण्याच्या आधीचं हवं. आता पर्यायी गोष्ट मांडा : धंदा बसला म्हणून नव्हे, तर खाणारे होते म्हणून भोजनालयं निघाली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली. पाळी सुटलेल्या माणसाला रात्री गरम जेवण हवंच. हे खरं असेल तर भोजनालयं मिलच्या भरभराटीच्या काळात आणि तिच्या वाटेवर सापडायला हवीत. आज एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल उभा आहे, म्हणजे वाट शोधायला जुना नकाशा लागणार.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, वेगवेगळ्या दशकांत. पण दोन गोष्टी समोर ठेवल्याशिवाय काय गोळा करायचं हेच कळत नाही. मी गोळा केलं ते हे : पाटीवरचं ‘स्थापना’ साल (जपून, ते बरेचदा आजोबांच्या धंद्याचं असतं, या दुकानाचं नाही), भिंतीवर टांगलेले जुने परवाने, दरफलकाचे जुने फोटो, लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणारं दुकान. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्ये पाककृतींच्या पुस्तकांवरून ‘राष्ट्रीय खाद्यसंस्कृती’ कशी घडते हे दाखवलं. पाककृतीचं पुस्तक दस्तऐवज ठरू शकतं, तर दरफलक का नाही? कोणता पदार्थ केव्हा फलकावर चढला आणि कोणता उतरला, एवढ्यावर एक प्रकरण होतं.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथही उघडा. त्यात कोष्टी आहेत. पण तो वसाहतीच्या काळातल्या अधिकाऱ्याने लिहिलेला आहे, हे विसरून त्यातलं वाक्य पुरावा म्हणून चिकटवू नका.

सरकारी आकडे

‘दादा, डेटा तर सरकारचाच आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार दरडोई मासिक खर्च ग्रामीण भारतात ३,७७३ रुपये आणि शहरी भारतात ६,४५९ रुपये. त्यात ‘पेये, प्रक्रिया केलेले अन्न इत्यादी’ या गटाचा वाटा ग्रामीण भागात ९.६२ टक्के, शहरी भागात १०.६४ टक्के. हे वाचून ‘गाव आणि शहर यांच्या बाहेर खाण्यात फारसा फरक उरला नाही’ असं लिहायचा मोह होतो. मलाही झाला.

दोन चुका आहेत. पहिली, टक्का सारखा असला तरी रुपये सारखे नाहीत. गुणाकार करा : गावात साधारण ३६३ रुपये, शहरात ६८७. जवळजवळ दुप्पट. दुसरी चूक मोठी. या गटात भोजनालयातली थाळी आहे, तसा किराणा दुकानातून आणलेला बिस्किटाचा पुडा आणि चिप्सचं पाकीटही आहे. पाच रुपयांचं पाकीट घरच्या ओट्यावर बसून खाणं म्हणजे बाहेर खाणं नव्हे. शिजवलेल्या जेवणाचे आकडे वेगळे काढायचे तर अहवालाच्या सारांशावर थांबून चालत नाही, बाबनिहाय तक्त्यांत उतरावं लागतं. आणि तरीही ते जेवण कुणी खाल्लं, बापाने की लेकीने, हे तुम्हाला कळणार नाही, कारण खर्च घराचा मोजलेला आहे.

यादी कुठून आणायची

तीनशेचा नमुना म्हणजे तीनशे कशातून? डिलिव्हरी ॲपवरून यादी काढलीत तर ॲपवर नसलेली दुकानं तुमच्यासाठी अस्तित्वातच नाहीत, आणि नेमकी तीच जुनी. सरकारी नोंदणीची यादीही अपुरी पडते : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानांना नोंदणी नाही, फक्त सूचना द्यायची असते. म्हणून मी एक भाग ठरवून गल्ली न गल्ली पायी फिरलो आणि दिसेल ते वहीत उतरवलं. चप्पल झिजते, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

वेळेचंही तेच. मी सुरुवातीला माझ्या सोयीने, म्हणजे दुपारी आणि सोमवारी जायचो. भोजनालयं ओस. ‘व्यवसाय मंदावला आहे’ असं टिपणही काढून ठेवलं! अरे बाबा, सोमवार, गुरुवार, शनिवार कितीतरी लोक मटण खात नाहीत. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खरे वार. श्रावणात तर विचारूच नका, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उभं राहायला जागा नसते. निरीक्षणाचं वेळापत्रक तुमच्या सुट्टीच्या दिवसांवर नाही, लोकांच्या पंचांगावर बसवा.

जो प्रश्न मी विचारायला नको होता

आता जरा कठीण भाग. माझ्या प्रश्नावलीत नाव, वय, शिक्षण यांच्यामागे चौथा रकाना होता : जात. सगळ्याच प्रश्नावल्यांत असतो, म्हणून माझ्यातही. एका भोजनालयात मालकांशी छान गप्पा चालल्या होत्या. मसाला कुठे कुटतात इथपर्यंत आलो होतो. मी रकाना भरण्यासाठी जात विचारली. ते थांबले. वहीकडे पाहिलं. ‘तू कमिटीचा हाय का?’ म्हणाले. मी नाही म्हणालो, विद्यापीठाचं पत्र दाखवलं. ते उठले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. पुन्हा ते माझ्याशी बोलले नाहीत.

संदर्भ मला माहीत असायला हवा होता. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद प्रकरणात निकाल दिला की अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘हलबा’ या नोंदीत ‘हलबा कोष्टी’ येत नाहीत. २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात न्यायालयाने अवैध ठरलेल्या प्रमाणपत्रावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण देता येत नाही असं म्हटलं. नागपुरात आणि आमच्या भागात याचा अर्थ कुणाच्या तरी भावाची नोकरी, कुणाच्या तरी मुलीचा प्रवेश. पडताळणी समितीच्या फेऱ्यांनी थकलेल्या माणसासमोर वही घेतलेला पोरगा येतो आणि जात विचारतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उठलो असतो.

त्यानंतर मी तो रकाना काढून टाकला. जातीबद्दल विचारणं सोडलं नाही, माझा प्रश्नच त्याच्याशी जोडलेला आहे. पण आता मी ‘घरी कोण कोण काय काम करायचं’ इथून सुरू करतो. जात सांगायची की नाही, कोणत्या शब्दात सांगायची, हे समोरच्याने ठरवायचं. काही जण सांगतात, काही नाही. जे सांगत नाहीत त्यांचं न सांगणं मी नोंदवतो, तर्काने भरत नाही.

आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. ‘अमुक चौकातल्या, साठी ओलांडलेल्या महिला मालक’ एवढं लिहिलं तरी नागपूरचा कुणीही खवय्या दुकानाचं नाव सांगेल. माझ्या टिपणांत चौक, वय आणि पदार्थ या तिन्हींपैकी एकच गोष्ट खरी ठेवतो. टेबल पुसणारा पोरगा चौदाच्या आतला दिसला तर काय करायचं, हेही मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा. ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत अशा मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे. गुप्ततेचं वचन देताना तुम्ही कशाबद्दल गप्प राहणार नाही, हे संमतिपत्रात लिहिलेलं बरं.

पार्सल

सहा महिन्यांची टिपणं वाचताना लक्षात आलं की माझ्या वहीत बायका जवळजवळ नाहीत. मी सरळ लिहून टाकलं : ‘सावजी भोजनालयांत महिला ग्राहकांचं प्रमाण अत्यल्प.’ बरोबर निरीक्षण, चुकीचा निष्कर्ष. कारण मी टेबलं मोजत होतो. काउंटरवर स्टीलचे डबे घेऊन उभी असलेली रांग मोजतच नव्हतो. तो रस्सा घरी जाऊन कोण खात होतं?

खाप्याला गेलो तेव्हा आईला विचारलं, ‘तू कधी भोजनालयात बसून जेवलीस का?’ आई भाकरी थापत होती. ‘बाबा आणतेच न पार्सल. मंग तिथं जाऊन काय करू?’ मी विचारलं, ‘पण जावंसं वाटलं का?’ तिने तव्यावरची भाकरी उलटली. ‘गरम राहत असंन न तिथं,’ म्हणाली. ‘घरी येईपर्यंत वर तेलाचा थर जमते.’

हे वाक्य मी प्रबंधात कुठे बसवायचं, अजून ठरलेलं नाही. पण त्यानंतर मी निरीक्षणाचं कोष्टक बदललं : आत बसलेले, बाहेर उभे, डबा आणलेले, आणि डबा नेणाऱ्याला ‘घरी किती जण’ हा एकच प्रश्न. पुढच्या टप्प्यात त्या घरांमध्ये जायचं आहे. त्यासाठी मला सोबत संशोधक मैत्रीण लागेल, कारण दुपारी दोन वाजता अनोळखी पुरुषाशी कोणी दारात बोलणार नाही आणि बोलूही नये.

त्या ज्युनियरला मी एवढं मोठं उत्तर पाठवलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, ‘तुझ्या घरी मटण बाहेरून येतं तेव्हा पहिली वाटी कोणाला वाढतात?’ काल त्याचा सुधारलेला मसुदा आला. शीर्षकातला ‘हॉटेलिंग’ शब्द गेलाय, ‘पार्सल’ आलाय. उद्दिष्टं पाचावरून दोनावर आली आहेत. नमुना मात्र अजून तीनशेच आहे. त्यावर आमचं भांडण व्हायचं आहे.